तालमीची जागा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात केलेले भाषण)



विद्यापीठाच्या नाट्य-नृत्य विभागात शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, असा माणूस आज नाटकांविषयी बोलेल, अशी आपली अपेक्षा असणार. मी जागेविषयी बोलणार आहे. आणि तेही प्रयोगाच्या जागेपेक्षा तालमीच्या जागेविषयी.

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यगृहाची मापे दिली आहेत. मर्त्य माणसांसाठी सांगितलेले मध्यम गृह ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद, म्हणजे सुमारे ९६ फूट आणि ४८ फूट. त्याहून मोठे बांधल्यास शब्द अस्पष्ट होतो आणि मुखावरील भाव दिसत नाही, हे कारणही त्यांनी सांगून ठेवले आहे. मला मात्र त्यापुढील विभागणी अधिक मोलाची वाटते. लांबीचे दोन सारखे भाग करावयाचे. एक प्रेक्षकांचा, दुसरा नटांचा. नटांच्या भागातील निम्मा पुन्हा नेपथ्यगृहाचा. म्हणजे वास्तूचा चौथा हिस्सा प्रेक्षकाच्या दृष्टीस कधी पडतच नाही! आमच्याकडील नकाशांत दर्शनी दालनाला संगमरवर असतो, खुर्च्यांना मखमल असते आणि तालीम व्हरांड्यात चालते. उद्घाटनाची फीत तालमीच्या खोलीला कोणी बांधीत नाही, एवढेच याचे कारण.

बडोद्याचे उदाहरण आपणां मराठी माणसांना जवळचे आहे. १८८० मध्ये तंजावरच्या राजकन्या लक्ष्मीबाई, म्हणजेच पहिल्या चिमणाबाई महाराणी, सयाजीराव महाराजांशी विवाह होऊन बडोद्यास आल्या आणि त्यांच्यामागोमाग तंजावरचे नृत्यही आले. १८८६ मध्ये महाराजांनी मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपविली. १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा ती परंपरा त्यात सामावली गेली. तंजावरच्या त्याच घराण्यातील कुबेरनाथ तंजोरकर तेथे नृत्य शिकवू लागले. सुरसागर तलावाकाठी गायन, नृत्य आणि नाट्य असे एकत्र नांदू लागले.

एकत्र नांदणे आले म्हणजे भांड्याला भांडे लागणेही आले. नृत्य अनवाणी पायांचे. अर्धमंडलात बसून मुलगी तासभर पाय आपटते, त्याचा हिशेब घोटे, नडगी आणि गुडघे ठेवीत असतात. सिमेंटवर, अथवा सिमेंटला चिकटविलेल्या फरशीवर, हा आघात जिरत नाही. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा घालून, खाली हवा खेळती ठेवून वर फळ्या बसवाव्या लागतात. पैलवानांनीही आपल्या आखाड्याला तालीमच म्हटले. पण ते हौदातली माती तेल, ताक, हळद घालून मऊ करतात. आम्ही शब्द घेतला, माती विसरलो!

नाटकवाल्यांना मात्र त्याच फळ्यांत खिळे ठोकावयाचे असतात. मी तरुण अध्यापक असताना आमच्याकडे एकच रंगमंच होता. आमच्या नाटकाचे नेपथ्य रात्री उतरले आणि सकाळी नृत्याचा वर्ग भरला. राहून गेलेला एक खिळा एका विद्यार्थिनीच्या टाचेत गेला. तिची परीक्षा नऊ दिवसांवर होती. ती तिने दिली नाही, आणि पुढल्या वर्षी ती परतही आली नाही. नेपथ्य उतरविणाऱ्यांचा प्रमुख मीच होतो. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी रोज सकाळी चप्पल काढून त्या मंचावर एक फेरी मारीत असे. विभागात ते हसण्यावारी नेत, नेवोत बापडे.

म्हणून माझा आग्रह असा की, पैसा थोडा असेल तर प्रेक्षागृह पुढे ढकलावे, परंतु नृत्याची आणि नाट्याची खोली वेगळी करावी. नर्तकीला आरसा हवा. नटाला तो बिघडवितो, तो स्वतःकडेच पाहू लागतो. घुंगरांचा नाद भिंतीपलीकडे गेला, की संवादातला विराम मेला. नाट्याची खोली रंगमंचाएवढी तर हवीच, वर दिग्दर्शकाला मागे सरून पाहता येईल इतकी मोकळी हवी. आणि मधोमध खांब नको. आमच्या खांबाला तीन पिढ्यांनी झाड समजून अभिनय केला आहे! प्रयोगाचे काय, तो उघड्यावरही होतो. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ मध्ये सुरू झाले. तेथल्या मंचाचे नावच अंगणमंच आहे.

आपल्यापैकी काहींच्या मुली यंदा अशा विभागांत प्रवेश घेतील. प्रवेशाच्या दिवशी सभागृह दाखविण्यात येईलच. आपण तालमीची खोली पाहावयास मागावी, आणि जमिनीवर टाच आपटून पाहावी.

आता एक मागणे, अध्यक्षमहाराजांची क्षमा मागून. गणेशोत्सव सोडला, तर मंडळाचे हे सभागृह दुपारी बंद असते. याची जमीन लाकडी आहे. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी ती घातली, त्यांतील दोघे आज समोर बसले आहेत. येथल्या विद्यापीठातील मुले जिन्याखाली तालीम करतात. त्यांना बारा ते चार या वेळात किल्ली मिळावी. खिळे ठोकू न देण्याची जबाबदारी माझी. सकाळची फेरीही मीच मारीन.