महानदीकाठचे सिरपूर

रायपूरहून पूर्वेकडे जाणारा हमरस्ता आरंग गाव मागे टाकतो, महानदी ओलांडतो आणि पुढे एका फाट्याने उत्तरेस वळतो. साल-सागाची तुरळक झाडी, भाताची खाचरे, तळ्याकाठची कौलारू घरे असे करीत सुमारे 80 किलोमीटरांवर सिरपूर येते. महासमुंद जिल्ह्यातील हे एक लहानसे खेडे. नकाशात त्याचा ठिपका शोधावा लागतो. पण प्राचीन कोरीव लेखांतील श्रीपूर ते हेच. दक्षिण कोसल नावाच्या विस्तीर्ण राज्याची राजधानी एके काळी येथे होती.

राजधानीने हीच जागा का निवडली, ह्याचे बरेचसे उत्तर भूगोलात सापडते. सिहावाच्या डोंगरात उगम पावलेली महानदी छत्तीसगढच्या मैदानातून उत्तरेकडे वाहत येते, आणि तिच्या उजव्या तीरावर हे गाव वसले आहे. पावसाळ्यात तिचे पात्र दुथडी भरते, उन्हाळ्यात तेथे वाळूचा पसारा उरतो. भाताचे सुपीक मैदान, पाठीशी जंगल आणि पूर्व समुद्राकडे नेणारी नदी, असा तिहेरी लाभ फार थोड्या जागांना असतो. शिवाय विटांसाठी उत्तम माती नदीने आयतीच आणून ठेवली होती.

शरभपुरीय राजांनी येथून ताम्रपट दिले. त्यांच्यामागून पांडुवंशी राजे आले, आणि सातव्या शतकात महाशिवगुप्त बालार्जुनाच्या काळी ह्या नगराचे वैभव कळसास पोचले. ह्या राजाच्या कारकिर्दीच्या 57 व्या वर्षाचा ताम्रपट उपलब्ध आहे. एवढे दीर्घ राज्य क्वचितच कोणाच्या वाट्यास येते. राजा स्वतः शैव, त्याची आई विष्णुभक्त आणि नगरात बौद्ध भिक्षूंचे विहार. मल्हार येथे सापडलेल्या ताम्रपटात तर ह्या शैव राजाने बौद्ध विहारास गाव दिल्याची नोंद आहे. चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग 639 च्या सुमारास कोसलात आला होता. त्याने वर्णिलेली राजधानी हीच असावी, असे अनेक विद्वान मानतात. हाच प्रवासी पुढे पुलकेशीच्या महाराष्ट्रातही गेला, हे मराठी माणसाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

सिरपूरचे लक्ष्मणमंदिर ह्याच काळातले. नाव लक्ष्मणाचे असले तरी देवालय मुळात विष्णूचे. राजमाता वासटा हिने पती हर्षगुप्त याच्या स्मरणार्थ ते बांधविले. दगडी चौथऱ्यावर विटांचे शिखर उभे आहे. विटा रचून झाल्यावर छिन्नीने त्यांवर गवाक्षे व वेलबुट्टी कोरली. गर्भगृहाच्या दगडी द्वारावर शेषशायी विष्णू आणि त्याचे अवतार दिसतात. समोरच्या मंडपाचे मात्र आता केवळ अवशेषच राहिले आहेत.

मंदिराच्या ढिगाऱ्यातून मिळालेला वासटेचा शिलालेख ईशान नावाच्या कवीने रचला. त्यात देवालयास दिलेल्या गावांच्या उत्पन्नाची वाटणी सांगितली आहे. अन्नसत्रासाठी एक वाटा, सेवकांसाठी एक, आणि एक वाटा पडझडीच्या दुरुस्तीसाठी! वास्तू नवी असतानाच तिच्या जीर्णोद्धाराची तरतूद करणाऱ्या त्या स्त्रीची दूरदृष्टी आजही कौतुकास्पद वाटते.

पुढे सत्तेची केंद्रे इतरत्र गेली. पांडुवंशाचे वारसदार समजले जाणारे सोमवंशी राजे ओडिशाच्या बाजूस, तर कलचुरी रतनपुरास स्थिरावले. नगर ओसरले, टेकाडांवर झाडी वाढली. भूकंपानेही येथे हानी केली असावी, असे काही संशोधकांचे मत आहे. अठराव्या शतकात छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आले. बिंबाजी भोसले यांनी रतनपुराहून कारभार पाहिला. परंतु राज्यकर्त्यांची राजधानी होण्याचे दिवस सिरपूरला पुन्हा आले नाहीत.

मातीखालचे सिरपूर वर आणण्याचे मोठे काम एका मराठी संशोधकाने केले. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी 1953 ते 1956 ह्या काळात येथे उत्खनन केले. त्यात भिक्षू आनंदप्रभ याने बांधविलेला विहार आणि भूमिस्पर्श मुद्रेतील भव्य बुद्धमूर्ती उजेडात आली. सिरपूरच्या सुंदर धातुमूर्ती रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात पाहावयास मिळतात. चालू शतकाच्या आरंभी अरुणकुमार शर्मा यांच्या देखरेखीखाली पुन्हा खोदकाम झाले आणि सुरंग टीला नावाच्या टेकाडातून उंच जोत्यावरील शिवालयांचा समूह प्रकटला. त्याच्या पायऱ्या मध्येच खचून वाकल्या आहेत.

असे असले तरी सिरपूर हे निव्वळ अवशेषांचे गाव नव्हे. जुन्या खांबांचा उपयोग करून पुन्हा उभारलेल्या गंधेश्वर मंदिरात नित्य पूजा चालते, आणि माघी पौर्णिमेस नदीकाठी जत्रा भरते. शेतकऱ्याचे शेत आणि संशोधकाचे टेकाड येथे एकमेकांस लागून आहेत. शेतात नांगर चालला पाहिजे आणि टेकाडाला धक्काही लागता कामा नये, ही तारेवरची कसरत गावाला आणि सरकारला रोज करावी लागते. दरवर्षीचा पाऊस उघड्या पडलेल्या विटा झिजवितो. उत्खननाला उत्साह पुरतो, जतनाला सातत्य लागते. आणि ह्याच सातत्यासाठी वासटेने गावांच्या उत्पन्नातील एक वाटा निराळा काढून ठेवला होता. श्रीपूरचे राज्य लयास गेले, पण तिने सोपविलेले ते काम अद्याप संपलेले नाही.