ओटीतला खण आणि फॅशन शो
(तालुका मेळाव्यातील भाषण)



मी फॅशन शो बघायला जाते आणि तिथे चांगले भडक कपडे घालून जाते, हे एव्हाना तुम्हा सगळ्यांना कळलं आहे. 'ही बाजाराला शरण गेली' ही कुजबुजही माझ्या कानावर आली. तेव्हा आज त्यावरच बोलते.

माझी भाची एका डिझायनरकडे कपडे बेतते. तिच्या पासावर मी मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकला तीनदा गेले. एकेक शो पंधरा-वीस मिनिटांत आटोपतो. पुढच्या रांगेत नटनट्या, खरेदीदार, पत्रकार. आम्ही मागे, कधी उभ्यानेच. लग्नातल्या मानाच्या पंगतीसारखी ती उतरंड असते. चालणाऱ्या मुली अजूनही बहुतेक एकाच मापाच्या. २०१७ साली नेपाळची अंजली लामा ही ट्रान्सजेंडर मॉडेल तिथे चालली, तेवढं दार किलकिलं झालं.

१९९६ साली बंगळूरला मिस वर्ल्ड स्पर्धा झाली, तेव्हा स्त्री-संघटनांनी विरोध केला. बाईला मापात बसवण्याला तो विरोध होता आणि माझा तो आजही आहे. पण त्याच रस्त्यावर संस्कृतिरक्षकही उतरले होते. बाईच्या अंगावर कापड किती, एवढाच त्यांचा प्रश्न. आपण त्यांच्यापेक्षा वेगळ्या, हे खरं. तरी सुती कुर्ता आणि खांद्याला शबनम हा आपलाही एक गणवेश झालाच ना? लिपस्टिक लावलेली मुलगी शिबिरात आली की आपल्या नजरा कशा वळतात, आठवून पाहा.

आता माझ्या कोटाबद्दल. नवरा गेल्याला सहा वर्षं झाली. हळदीकुंकवाची बोलावणी थांबली, ओटी भरणं थांबलं. सहा वर्षांत एक खण ओटीत पडला नाही. मग मी दुकानात गेले आणि गुळेदगुड्डचा लाल खण मीटरवर मोजून घेतला. आमच्या बचत गटात शिवण करणाऱ्या बाईंनी त्याचा गुडघ्यापर्यंत कोट शिवला. खणाचा पन्हा अरुंद, त्यामुळे जोड फार येतात. बाईंनी प्रत्येक जोडावर काठ आणला आणि ते जोडच नक्षी होऊन बसले! माझ्या मते त्या हॉलमध्ये इतकं डोकं लावून केलेलं काम थोडंच होतं.

दारात फोटोवाले ओरडतात, "मॅडम, इकडे! कुणाचं आहे?" म्हणजे कुठल्या डिझायनरचं. मी शिवणाऱ्या बाईंचं नाव सांगितलं, गावही सांगितलं. फोटो छापून आला, नाव आलं नाही. बाजाराशी भांडायचं ते इथे. २०१३ साली ढाक्याजवळ राणा प्लाझाची इमारत कोसळली आणि अकराशेवर माणसं मेली. त्यात बहुतेक कपडे शिवणाऱ्या बायकाच होत्या. त्यांच्या शिलाईवर लेबलं मात्र परदेशी कंपन्यांची होती.

तोच कोट घालून मी सासरी गेले, तर जाऊबाई म्हणाल्या, "आता कुणासाठी नटायचं गं?" मुंबईच्या त्या दारात उघड्या पाठीकडे कुणी वळून बघत नाही. गावात विधवेच्या अंगावरचा लाल रंग वेशीपासून दिसतो. त्यांनी मला बोलून घेतलं, मीही कोट काढला नाही. दुसऱ्या दिवशी धाकट्या पुतणीने तो घालून पाहिला.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आपल्या तालुक्यात किती गावांनी केलं? हात वर करा बघू.

(दोन हात वर.)

दोन. पुढच्या बैठकीत आधी ही यादी घेऊ.

आणि हो, पुढच्या वेळी भाची तीन पास देणार आहे. एक माझा, एक त्या शिवणाऱ्या बाईंचा. स्वतःसाठी त्या काय शिवताहेत, ते मलाही दाखवत नाहीत. तिसरा कुणाला हवा असेल तिने चहाच्या वेळी मला गाठा.