कॅज्युअल्टीतून शस्त्रक्रियागृहात



परिचर्येच्या विद्यार्थ्यांच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्याकडे यशाची गुरुकिल्ली मागण्याचा प्रघात आहे; परंतु ज्या परिचारिकेने सारी नोकरी औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या सांभाळण्यात घालवली तिच्यापाशी ही दुसरी किल्ली कोठून असणार? सबब आज मी बदलीविषयी, आणि त्यातही कॅज्युअल्टीतून ऑपरेशन थिएटरमध्ये होणाऱ्या बदलीविषयी बोलणार आहे. ती मी स्वतः अर्ज करून मागून घेतली तेव्हा माझ्या सहकारिणींनी "दमलीस का ग? थंड खोलीत बसायला चाललीस?" असे विचारले होते, आणि हा गैरसमज अद्यापही पुरता मावळलेला नाही.

कॅज्युअल्टीचा धर्म दाराशी उभे राहण्याचा आहे. गर्दीच्या गाडीतून पडलेला अंधेरीचा तरुण, पावसाळ्यात तापाने फणफणलेला घाटकोपरच्या डोंगरउतारावरील मजूर, विष घेतलेली सून, यांपैकी कोणीही पूर्वसूचना देऊन येत नाही. ११ जुलै २००६ च्या सायंकाळी पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांत, माटुंगा-माहीमपासून मीरा रोडपर्यंत, अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, रुळांलगतच्या वस्त्यांतील लोकांनी घरच्या चादरींच्या झोळ्या करून जखमींना बाहेर काढले, आणि भाभा, कूपर, भगवती या रुग्णालयांच्या दारांत एकाच वेळी इतकी माणसे येऊन पडली की आधी कोणाकडे धावावे हाच पहिला प्रश्न होता. अशा वेळी शिकलेली परिचारिका ओरडणाऱ्याकडे नंतर पाहते, कारण ज्याला ओरडता येते त्याचा श्वास चालू आहे. ती आधी गप्प पडलेल्याकडे जाते.

शस्त्रक्रियागृहात मात्र जे यावयाचे ते यादीत असते, आणि जे यावयास नको त्याचीच सारी तयारी असते. उपकरणे ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांच्या वाफेत ठरलेला वेळ राहिलेली असावी लागतात. कॅज्युअल्टीतून आलेल्या सिस्टरचे हात येथे प्रथम तिचेच वैरी होतात. डॉक्टरांनी मागण्यापूर्वी पुढे धावण्याची, खाली पडलेले चटकन उचलण्याची, एखादे साधन हाती नसल्यास दुसऱ्यावर भागवण्याची जी सवय तेथे गुण म्हणून वाखाणली गेली, तिला येथे मज्जाव असतो. जमिनीवर पडलेला गॉज कोणी बाहेर टाकायचा नसतो, कारण तोही मोजणीत धरलेला असतो. छेद घेण्यापूर्वी, पोकळी बंद करण्यापूर्वी, आणि त्वचेला टाके घालताना पुन्हा, दोघी सिस्टरांनी गॉज, मॉप आणि सुया मोठ्याने मोजायच्या. मनातल्या मनात केलेली मोजणी ही मोजणीच नव्हे.

तुमच्या हातातील रबरी मोज्यांचा इतिहासही परिचारिकेपासूनच सुरू होतो, हे जाता जाता सांगते. १८८९-९० च्या हिवाळ्यात अमेरिकेतील बाल्टिमोर येथे कॅरोलाइन हॅम्प्टन नावाच्या शस्त्रक्रियागृहातील परिचारिकेच्या हातांची त्वचा जंतुनाशक पाऱ्याच्या द्रावणाने सोलवटली, तेव्हा शल्यविशारद हॅल्स्टेड यांनी केवळ तिच्या हातांसाठी गुडइयर कंपनीकडून पातळ रबराचे मोजे करवून घेतले. त्या मोज्यांनी रुग्णाचेही संरक्षण होते हे नंतर ध्यानात आले. १८९० मध्ये हॅल्स्टेड यांनी तिच्याशी विवाह केला आणि थिएटरने एक चांगली परिचारिका गमावली. ही हकिकत सारे आनंदाने सांगतात. मला तो आनंद पुरतेपणी होत नाही.

परंतु कॅज्युअल्टीचे सारेच काही दाराबाहेर ठेवून यायचे नसते. टेबलावर येणाऱ्या रुग्णाला भूल देण्यापूर्वीची जी थोडी मिनिटे मिळतात, त्यांत अनोळखी माणसाशी ताबडतोब नाते जोडण्याची तेथली विद्या कामी येते. त्याला नाव त्याच्याच तोंडून सांगू द्या, "तुम्हीच ना पाटील?" असे विचारलेत तर घाबरलेला माणूस कोणत्याही आडनावाला मान डोलावतो. एकदा भूल चढली की त्याला तक्रार करता येत नाही, नातेवाईक दाराबाहेर असतात, आणि त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार टेबलाभोवतीच्या माणसांकडे येतो.

हा अधिकार २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकोणीस बाबींच्या तपासणी-यादीत बांधून दिला. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत तिचा प्रयोग झाला, आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. यादी लहान आहे, परंतु ती वाचण्यासाठी सर्वांना थांबावे लागते, आणि थांबलेल्या खोलीत सिस्टरचा आवाज ऐकू येतो. तरीही, चार तास उभे राहून थकलेले नामांकित सर्जन शेवटचा टाका मागत असताना, "सर, एक मॉप कमी आहे, थांबावे लागेल," असे म्हणणे कोणत्याही छापील कागदाने सोपे होत नाही. मला ते जमले, याचे श्रेय मी कॅज्युअल्टीला देते. तेथे जाबजबाब घ्यायला आलेल्या हवालदाराला आणि नगरसेवकाचे नाव सांगत आत घुसणाऱ्या माणसाला एकाच स्वरात "बाहेर थांबा" असे सांगितलेल्या बाईला सर्जनसाहेबांचे भय ते काय वाटणार!

म्हणून तुमच्यापैकी ज्यांना ही बदली हवीशी वाटेल त्यांनी दफ्तरातून हुकूम निघण्याची वाट पाहत बसू नये. भारतीय परिचर्या परिषदेने शस्त्रक्रियागृह परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आखलेला आहे. आधी काही काळ कॅज्युअल्टी करा, मग त्यासाठी अर्ज करा, आणि मेट्रनबाईंनी मंजुरीस विलंब लावला तर नम्रपणे पुन्हा विचारा. मी मेट्रनही होते, त्यामुळे असे अर्ज टेबलावर किती दिवस पडून राहतात हे मला ठाऊक आहे.

पडद्यामागे नाटिकेची मंडळी तोंडाला रंग लावून केव्हाची ताटकळली आहेत. मी आपली रजा घेते.