भांडुपचे बिबटे आणि मुंबईचे बातमीदार

भांडुप स्थानकाच्या पश्चिमेस उतरून डोंगराच्या रोखाने निघावे, म्हणजे टेंभीपाडा, खिंडीपाडा अशी वस्ती ओलांडता ओलांडता शहर सरते आणि अरण्य लागते. मुंबईकरांच्या नळाला येणारे पाणी जेथे शुद्ध होते ते विस्तीर्ण केंद्र याच बाजूस. आणि त्याच्या पाठीशी सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. २०१५ च्या पाहणीत या भागात ३५ बिबटे आढळले, २०१८ च्या पाहणीत ४७. लोकहिताच्या कामी सेवाभावी संस्था आणि वर्तमानपत्रे यांनी परस्परांस साह्य कसे करावे, हा सभासंमेलनांतून नेहमी चर्चिला जाणारा विषय आहे. त्याचा खरा कस या डोंगराच्या पायथ्याशी लागला.

२००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या आसपास बिबट्यांचे हल्ले एकाएकी वाढले. २००४ च्या जूनमध्ये तर एकामागून एक बळी गेले. वर्तमानपत्रांतून ‘नरभक्षक’ हा शब्द सर्रास झळकू लागला. बिबट्या नुसता दिसला तरी त्याची बातमी हल्ल्याच्याच थाटात येई. बातमी वाचून रहिवासी पिंजऱ्याची मागणी करीत, नगरसेवक ती उचलून धरीत, आणि वनखात्यास पिंजरा लावण्यावाचून गत्यंतर उरत नसे. पिंजऱ्यात जो सापडेल तो अपराधीच, असे मात्र कोणास सांगता येत नव्हते.

येथे जुन्नरचा अनुभव ध्यानात घेण्याजोगा आहे. तेथील उसाच्या मुलुखातून बिबटे धरून दूरच्या रानात सोडण्याचा उपक्रम २००१ साली हाती घेण्यात आला. त्यापूर्वी वर्षाकाठी सरासरी ४ हल्ले होत; २००१ ते २००३ या काळात ही सरासरी १७ वर गेली. डॉ. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनी २०११ साली हा अभ्यास प्रसिद्ध केला. ठाऊक असलेल्या मुलुखातून उचलून परक्या जागी टाकलेला बिबट्या अधिक उपद्रवी ठरण्याचा संभव असतो, आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरा येतोच. म्हणजे भीतीने मागितलेला उपाय भीतीचेच कारण वाढवीत होता, आणि त्या साखळीतील एक कडी छापखान्यात घडत होती.

पण एवढ्यावरून सारा दोष बातमीदाराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. रात्री उशिरा वार्ता येते, अंक यंत्रावर चढावयाचा असतो, आणि विचारावयास समोर असतो तो भेदरलेला जमाव. जाणकारांनी आपले ज्ञान इंग्रजी नियतकालिकांत ठेवावे आणि मागाहून वर्तमानपत्रांच्या अज्ञानाबद्दल हळहळावे, ही रीत काही नवी नाही!

२०११ साली ही रीत मोडली. उद्यानाचे तत्कालीन संचालक सुनील लिमये यांनी डॉ. अत्रेय यांच्या साह्याने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम आरंभिला. त्यात संशोधक, विद्यार्थी, स्वयंसेवक व वनाधिकारी एकत्र आले, आणि बातमीदारांसाठी खास कार्यशाळा भरविण्यात आल्या. बिबट्या दिसणे निराळे आणि त्याने हल्ला करणे निराळे. उकिरड्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. गर्दीने वेढलेला बिबट्या बिथरतो. अशा साध्या गोष्टी तेथे सांगितल्या गेल्या. अपघात होण्यापूर्वीच ओळख झाली होती, हे विशेष. या कार्यशाळांच्या आधीच्या व नंतरच्या बातम्या ताडून पाहणारा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. बातम्यांतील भयाचा सूर ओसरून समजुतीचा सूर वाढल्याचे त्यात दिसून आले.

मात्र नाजूक जागा पुढेच आहे. संस्थेस बिबट्या वाचावा असे वाटते. पाड्यावरील मातेस आपले मूल वाचावे असे वाटते. या दोन इच्छा परस्परविरोधी नाहीत, परंतु एकही नाहीत. ‘नरभक्षक’ हा शब्द गाळून बातमीदार थांबला, तर तो संस्थेचा नुसता भाट होईल. वस्तीत शौचालय का नाही, बायकांना अंधारात झुडपांकडे का जावे लागते, वाटेवर दिवा का नाही, कचरा किती दिवस पडून आहे, हे त्याने विचारलेच पाहिजे. आणि ही उत्तरे बिबट्याकडे नसून महापालिकेकडे असतात. संस्थेनेही आपल्यास गैरसोयीची माहिती दडवू नये, आणि छापण्यापूर्वी मजकूर दाखवा असा हट्ट धरू नये. २०२२ च्या ऑक्टोबरात आरे वसाहतीत एक चिमुकली बालिका बिबट्याच्या हल्ल्यात मृत्यू पावली. अशा दिवशी त्या घरचे दुःख सौम्य शब्दांत गुंडाळण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेस नाही.

आणखी एका पक्षाचा बहुधा विसर पडतो. या डोंगरांत वारली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. वाघोबा हा त्यांचा देव. बिबट्याची वाट कोणती, तो कोणत्या वेळी खाली उतरतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. कार्यशाळेत तज्ज्ञ बोलतात, बातमीत अधिकारी बोलतात. पाड्यावरचा माणूस बहुतेक वेळा छायाचित्रापुरताच उरतो. हल्ला झालेला नसताना, एखाद्या निवांत दिवशी, बातमीदार आणि स्वयंसेवक यांनी मिळून त्याच्या ओटीवर जाऊन बसावे. पहिल्या तासात बिबट्याचे नावही निघणार नाही. पाण्याच्या, दिव्याच्या आणि पोरांच्या शाळेच्या वाटेच्याच गोष्टी निघतील. त्या लिहून घ्याव्यात.