रामबाम यांची हमी आणि तिचे अपवाद



मलिद्याचे ताट समोर असताना मधुमेहाचा विषय काढणे काहींना रुचणार नाही. तरीही बोलतो. गेल्या वर्षी मला हा विकार असल्याचे निष्पन्न झाले. तेव्हापासून दोन वाक्ये सतत कानी पडतात. "घराण्यातच आहे, तुम्ही काय करणार?" हे एक, आणि "जिभेवर ताबा ठेवला असता तर ही वेळ आली नसती," हे दुसरे. पहिल्याने माझे हातपाय गळाले. दुसऱ्याच्या लाजेने मी आजार लपवला. सहा महिने पत्नीलाही सांगितले नाही.

या दोन्ही वाक्यांचे उत्तर मला रब्बी मोशे बेन मैमोन, म्हणजेच रामबाम, यांच्याकडे मिळाले. त्यांच्याच नावाचे सिनेगॉग २०२३ साली आपल्या अबू धाबीत, सादियात बेटावर उघडले. इजिप्तमध्ये ते राजदरबारी वैद्य होते. 'मिश्ने तोरा'त त्यांनी आरोग्याचे नियम घालून दिले आहेत: भूक लागल्यावाचून खाऊ नये, पोट तुडुंब भरू नये, जेवणापूर्वी शरीराला श्रम द्यावेत. हे नियम पाळणारा आजारी पडणार नाही, अशी हमी ते देतात. पण लगेच अपवादही नोंदवतात. ज्याच्या देहात जन्मतःच दोष आहे किंवा ज्याला बालपणापासून वाईट सवयी जडल्या आहेत, त्याला ही हमी नाही. साथ वा दुष्काळ आल्यासही नाही. आठशे वर्षांपूर्वीच्या या वैद्याने रुग्णाला सरसकट दोषी ठरवले नाही.

आजचे संशोधनही याहून वेगळे सांगत नाही. २००४ साली पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःची आणि आपले ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच; परंतु शरीरातील चरबी याज्ञिकांची २१ टक्के, युडकिन यांची ९ टक्के. यात वंशाचा आणि आईच्या उदरातील पोषणाचा वाटा आहे. युडकिन मॅरेथॉन धावत, हेही विसरता येत नाही.

आपल्या येमेनी बांधवांचे उदाहरण घ्या. १९४९-५० साली इस्रायलला आलेल्या येमेनी यहुद्यांत मधुमेह जवळजवळ नव्हता. त्यांच्याआधी येऊन तेथे स्थिरावलेल्या येमेनींत मात्र तो बराच आढळला. रक्त तेच होते. ताट बदलले होते.

सवयी बदलून किती साधते? चेन्नईत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांचा तीन वर्षे अभ्यास झाला. नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी शंभरात ५५ जणांना मधुमेह झाला. आहार-व्यायाम सुधारणाऱ्यांपैकी ३९ जणांना. म्हणजे प्रयत्न वाया गेला नाही. पण प्रयत्न करूनही ज्या ३९ जणांना आजार झाला, त्यांना आपण कोणत्या तोंडाने बोल लावणार?

येथे आपले जीवन थंड घरातून थंड मोटारीत आणि तेथून थंड कचेरीत असे चालते. म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. ज्यांच्या आईवडिलांना मधुमेह आहे, त्यांनी आपले रक्त तपासून घ्यावे. सूर्यास्तानंतर आपण मिळून चालायला जाऊ. आणि कोणी मलिद्याचा एकच घास घेतला, तर त्याला आग्रह करू नये, कारणही विचारू नये.

वारसा आपण निवडला नाही. तो घेऊन कसे जगायचे आणि आजारी शेजाऱ्याशी कसे बोलायचे, हे मात्र आपल्या हाती आहे. शालोम.