धंदा जन्माचा की शिक्षणाचा?

(शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



आज आम्हांस आपल्याशी धंदा आणि शिक्षण यांविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत. विषय साधा आहे. पण आपल्या पोराबाळांच्या पोटाशी आणि मानाशी त्याची गाठ आहे. म्हणून शांतपणे ऐकून घ्यावे, ही विनंती.

आपल्या गावात कोणासही 'तू कोण?' म्हणून विचारा. जो पंधरा वर्षे मालमोटार हाकतो आहे, तो म्हणेल, 'आम्ही सुतार.' त्याने रंधा हाती धरला नसेल, तरी तो सुतारच. उलट जो चार वर्षे कॉलेजात शिकून घरांचे नकाशे काढतो, तो म्हणेल, 'मी इंजिनिअर.' पहिल्याला नाव मिळाले जन्माने, दुसऱ्याला मिळाले विद्येने. जन्माचे नाव बदलत नाही, आणि त्याचा भावही वाढत नाही. विद्येचे नाव मात्र माणूस स्वतः कमावतो. आपल्या मुलांनी कोणते नाव घेऊन जगावे, हाच आजचा प्रश्न आहे.

आपल्या वाडवडिलांस विद्या नव्हती, असे कोणी म्हटले तर ते आम्हांस कबूल नाही. बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धाव कशी बसवी, ते आठवा. तो धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडी आखूड करी. मग ती लालभडक तापवून चाकावर चढवी आणि वरून पाणी ओती. निवता निवता ती आकसे आणि आरे व तुंबा यांस असे आवळून धरी की, खडकाळ वाटेवरही चाक खिळखिळे होत नसे. धातू तापला की वाढतो आणि निवला की आखडतो, हा नियम शाळेच्या पुस्तकात छापलेला आहे. तो शिकविणाऱ्या मास्तरास खुर्ची मिळाली. तोच नियम आपल्या हातात वागविणारा लोहार मात्र खळ्यावर बलुत्याची वाट पाहत उभा राहिला. ज्ञान एकच; पण एकास कागदाचा आधार होता, दुसऱ्यास नव्हता.

बापाच्या हाताखाली मुलाने शिकावे, या रीतीत नजर तयार होई, हात तयार होई, हा तिचा मोठा गुण. परंतु तीत दोन मोठी वैगुण्ये होती. एक, तिचे दार दोन्ही बाजूंनी बंद होते. परक्याच्या मुलास आत येता येत नसे आणि आपल्या मुलास बाहेर जाता येत नसे. दुसरे, 'कसे करावे' हे ती शिकवी, 'का करावे' हे शिकवीत नसे. मग गाडीला रबरी टायर आले, रानात ट्रॅक्टर आला, तेव्हा ज्याला फक्त लाकडी चाक ठाऊक होते त्याचे हात रिकामे झाले.

आता दुसरी बाजू पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे जन्माने लोहार नव्हते की सुतार नव्हते. ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत चित्रकला शिकण्यास गेले आणि तेथे यंत्रांची रेखाचित्रे काढण्यास शिकले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शिक्षकाचे काम केले. बेळगावास सायकलींचे दुकान चालविता चालविता ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. आम्ही त्यांचा हेवा करीत नाही. त्यांच्या उद्योगाचे कौतुकच करतो. पण विचार करा. नांगर हजारो वर्षे आपल्या सुतार-लोहारांनी घडविला. त्याचा कारखाना मात्र ज्याला नकाशा काढता येत होता, त्याच्या हातून निघाला. यावरून एवढेच सिद्ध होते की, हुन्नर रक्तात नसतो, तो शिकण्यात असतो. आणि तसे असेल तर जे दार त्यांस उघडले, ते आपल्या मुलांसही उघडलेच पाहिजे.

ही गोष्ट जोतीराव फुल्यांनी फार लवकर ओळखली होती. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. त्या शिक्षणात मोडी, बाळबोध आणि हिशेब यांच्याबरोबर शेतीचे मूळ ज्ञान व आरोग्याचे धडे असावेत, असे त्यांनी सुचविले. मास्तर शेतकरी वर्गातूनच तयार करावेत आणि प्रसंग पडल्यास नांगराचे रुमणे किंवा सुताराची तासणी हाती धरण्यास त्यांस लाज वाटू नये, असेही त्यांचे सांगणे होते. पुस्तक आणि हत्यार एकाच हातात असावे, हा त्यांचा आशय.

पुढे काही राजेरजवाड्यांनी हा विचार कृतीत आणला. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढून कलाकुसर व यंत्रविद्या शिकविण्याची सोय केली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१८ साली त्यांनी कुलकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले. पिढीजात दप्तर ज्याच्या घरी, त्याचीच लेखणी, हा नेम तेथे मोडला. १९२० साली त्यांनी मराठा मुलांस पौरोहित्य शिकविण्याची शाळा काढली. म्हणजे जो धंदा सर्वांत जन्मसिद्ध समजला जाई, तोही शिकून येतो, हे त्यांनी दाखवून दिले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, अंगमेहनत करीत आणि शिकत. काम करणारा हात शिकतो, आणि शिकलेला हात काम करतो, हा धडा त्यांनी शब्दांनी नव्हे तर करणीने दिला.

पण धंदेशिक्षणाचे नाव घेऊन उलटी वाटही काढता येते. तिचा दाखला मद्रास राज्यात आहे. १९५३ साली राजगोपालाचारी मुख्य मंत्री असताना तेथे खेड्यांतील प्राथमिक शाळांची एक योजना आली. मुलांनी सुमारे तीन तास शाळेत बसावे आणि उरलेला वेळ घरी बापाचा धंदा शिकावा, असा तिचा बेत. वरवर पाहता यात वाईट काय? पण वकिलाचा मुलगा घरी जाऊन काय शिकेल आणि न्हाव्याचा मुलगा काय शिकेल, हे तेथील ब्राह्मणेतर जनतेने तत्काळ ताडले. पेरियार आणि त्यांच्या अनुयायांनी जोराचा विरोध केला. १९५४ साली कामराज मुख्य मंत्री झाले आणि ती योजना रद्द झाली. धंदा शिकविणे चांगले. बापाचा आहे म्हणून तोच मुलाच्या गळ्यात बांधणे वाईट. हा फरक कधीही विसरू नका.

याच कसोटीवर आजच्या गोष्टी घासून पाहाव्यात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, शिंपी अशा १८ धंद्यांतील कारागिरांस पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, इच्छा असल्यास पंधरा दिवस किंवा अधिक पुढचे प्रशिक्षण, दररोज ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत ठेविली आहे. जे आज हा धंदा करीत आहेत, त्यांनी ती मदत जरूर घ्यावी. ती कोणाची भीक नव्हे. पण सात दिवसांचे शिकणे म्हणजे आपल्या मुलाचे शिक्षण झाले, असे मात्र कोणी समजू नये. बापाने हत्यारपेटी घ्यावी आणि मुलाने शाळा सोडू नये.

आता आपल्या घरातील दोषाकडे वळू. शिकलेल्या पोरास हाताने काम करण्याची लाज वाटते. दहावी झाला की तो नांगराला हात लावीत नाही आणि कचेरीतील शिपायाच्या जागेसाठी वर्षानुवर्षे अर्ज करीत बसतो. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' असे म्हणणाऱ्या मुलखात आज मुलगा शेती करतो म्हटले की सोयरीक मोडते. हा दोष मुलाचा नव्हे. हाताच्या कामास जातीची खालची पायरी चिकटवून ठेविली आणि शाळेनेही ती पुसली नाही, त्याचे हे फळ आहे. काम हलके नसते. ज्यावर आपला हक्क, आपला भाव आणि आपले नाव नाही, तेच काम हलके ठरते.

मग करावे काय? मुलगा असो वा मुलगी, दहावी होईपर्यंत धंद्यास जुंपू नये. मग औद्योगिक प्रशिक्षण संस्था, जिला आपण आयटीआय म्हणतो, तिचा विचार करावा. केंद्र सरकारची ही शिक्षणाची योजना १९५० साली सुरू झाली. तेथे फिटर, वायरमन, वेल्डर, टर्नर होता येते, आणि कोणाचे आजोबा काय करीत होते, यावर तेथील विद्या अडत नाही. कुंभाराच्या मुलाने वायरमन व्हावे, शेतकऱ्याच्या मुलीने टर्नर व्हावे. ज्याला मातीचीच ओढ आहे, त्याने शेतकी शाळेत जाऊन शिकलेला शेतकरी व्हावे. कारखान्यात उमेदवारी करावयाची झाल्यास १९६१ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार आणि विद्यावेतन मागावे. फुकट राबणे म्हणजे शिकणे नव्हे.

आणि ज्यांचे शाळेचे वय सरले, त्यांनीही हातपाय गाळू नयेत. मोजमाप लिहावे, नकाशा वाचण्यास शिकावे, कामाचा अंदाज कागदावर मांडून द्यावा, बिल स्वतः करावे. घरातील लेकी-सुना पेरणी, खुरपणी, बियाण्याची निवड करतात. त्यांसही 'शेतकरी' म्हणा आणि सातबाऱ्यावर त्यांचे नाव चढवा.

बंधूंनो, हात आपले होते, हत्यारे आपली होती. फक्त लेखणी दुसऱ्याची होती. ती आता आपल्या मुलांच्या हाती आली आहे. लेखणी आली म्हणून त्यांनी हत्यार टाकू नये आणि हत्यार आहे म्हणून आपण त्यांची लेखणी काढून घेऊ नये. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.