छताखालच्या फुलांचे छायाचित्रण
(राजूर येथे तरुण शेतकरी व हौशी छायाचित्रकार यांच्यापुढे केलेले भाषण)



अंगारकी चतुर्थीला राजुरेश्वराच्या दारी जास्वंदीची जी रास लागते, तिचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी घेतले असेल. डोळ्यांना पाकळीवरची शीर न् शीर दिसते. चित्रात मात्र तांबड्या रंगाचा सपाट डाग उमटतो. हॉलंडच्या पुष्पदालनात लाल ट्यूलिपपुढे उभ्या राहणाऱ्या छायाचित्रकाराचीही नेमकी हीच फजिती होते.

ट्यूलिपच्या कंदाला फुलण्यापूर्वी तीनचार महिने थंडी लागते. म्हणून श्रीनगरला दल सरोवराजवळ २००७ साली त्याचे मोठे उद्यान खुले झाले. मराठवाड्याच्या उघड्या रानात ते शक्य नाही. हे फूल उबेने उमलते व गारव्याने मिटते. बंद दालनात दुपारपर्यंत पाकळ्या पार फाकून जातात. तेव्हा त्याचा पेला टिपावयाचा तर सकाळी लवकर जावे लागते.

परंतु ट्यूलिपची मला आठवण होते ती वेगळ्या कारणाने. कंद हातात घेतला तर फूल कसे येईल हे कळत नाही. म्हणून सतराव्या शतकात डच व्यापारी चित्रकारांकडून फुलांची चित्रे काढवून घेत आणि गिऱ्हाईक ती पाहून कंदाला पैसे मोजी. सर्वांत महाग असत ते पट्टेरी वाण. ते पट्टे एका विषाणूमुळे पडतात हे विसाव्या शतकात उलगडले. त्या वेळी कोणास ठाऊक असणार! १६३७ च्या फेब्रुवारीत तो सारा बाजार कोसळला.

आपल्या बियाण्याचे याहून निराळे काय आहे? बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात बियाण्यांची कंपनी काढली, आणि पुढे हा जिल्हा बियाण्यांसाठी देशभर ओळखला जाऊ लागला. आज जालना-देऊळगाव राजा पट्ट्यात शेडनेटखाली भाजीपाल्याचे बीजोत्पादन होते. कळीतील पुंकेसर चिमट्याने काढावयाचे, नर वाणाचे पराग लावावयाचे, हे ‘क्रॉसिंग’चे नाजूक काम बहुतांशी स्त्रियाच करतात. मुठीतले बी मात्र मुकेच असते. शेतकरी पाहतो ते पाकिटावरचे चित्र.

अशाच एका हिरव्या शेडनेटमध्ये मी एकदा मिरचीच्या फुलांची छायाचित्रे घेतली. पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार ज्यांच्या तालुक्यात भरतो, त्यांना मिरचीचे फूल पांढरे असते हे मी सांगावयास नको. माझ्या चित्रात ते पोपटी आले! क्रॉसिंग करणाऱ्या एका बाईंना ते दाखविले. त्या म्हणाल्या, “भाऊ, हे आमचं फूल न्हाई. याला काहीतरी रोग हाय.” मी ती सर्व चित्रे रद्द केली.

दोष जाळीचा नव्हता, माझा होता. हिरव्या जाळीतून गाळून आलेला उजेड हिरवटच असतो. आपला मेंदू ती छटा नकळत वजा करतो. कॅमेऱ्याला ते सांगावे लागते. पहिल्या चित्रात फुलाशेजारी करडा तक्ता धरावा आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स ठरवावा. पांढरे कापडही चालते, पण नीळ दिलेले नको. प्रदर्शनाच्या दालनात पिवळे दिवे आणि खिडकीचा उजेड एकत्र आले, तर दोन्हींचा रंग एकाच वेळी सुधारता येत नाही. त्यांतला एक छत्रीने अडवावा. तांबड्या फुलाला प्रकाश थोडा कमी द्यावा, म्हणजे शिरा टिकतात. फ्लॅश मी वापरीत नाही. पाकळीवर चकाकी येते व तिचा पोत हरवतो.

आणि एवढे करूनही चित्रावर सर्वस्वी विसंबू नये. २००१ च्या कायद्यानुसार नव्या वाणाची नोंदणी करताना फुलाचा रंग ठराविक रंगतक्त्याशी ताडून पाहतात, छायाचित्राशी नव्हे.

उद्या सकाळी ऊन चढण्यापूर्वी आपण शेडनेटमध्ये जाणार आहोत. करडे तक्ते मी आणले आहेत; कॅमेरा नसेल त्याने मोबाइल घेऊन यावे.